दगडाखालचं पाणी

पारडटोल्याच्या प्रेमिलाबाईंवर लिहा, असं मला कोणी सांगितलेलं नाही. त्यांनी तर मुळीच नाही. त्यांना कळलं तर म्हणतील, नूरभाऊले आता काम उरलं नाई वाटते. पण नागभीडला तहसील कचेरीसमोर टेबल टाकून मी सत्तावीस वर्षं अर्ज आणि करारनामे टाईप केले आणि त्या ढिगाऱ्यातल्या एकाच कागदाचा मला गर्व आहे. तो कागद त्यांचा. गर्व करू नये असं आमच्या घरी लहानपणापासून शिकवलं होतं. एवढ्या एका बाबतीत मी ऐकणार नाही.

माझं नाव नूरुद्दीन. मी वकील नाही, अर्जनवीस आहे. लोकांची एक समजूत मला सत्तावीस वर्षं छळत आली: स्टॅम्प पेपरवर लिहिलं की गोष्ट पक्की झाली. स्टॅम्प म्हणजे यांना ताईत वाटतो. एकजण आला आणि म्हणाला, जावई दारू सोडतो म्हणतोय, स्टॅम्पवर घेऊन टाका. दुसऱ्याला मेव्हण्याकडून लिहून हवं होतं की तो दर दसऱ्याला जेवायला येईल. मी चिडायचो. अरे बाबा, शब्द दिला म्हणजे करार होत नाही. एकानं म्हणावं, दुसऱ्यानं कबूल करावं, दोघांनीही एकमेकांसाठी काही करावं किंवा सोडावं, आणि उद्या कोणी फिरला तर कोर्टाची पायरी चढायची दोघांची तयारी असावी. तेव्हा कुठे कायदा त्या शब्दाकडे मान वळवून पाहतो. म्हणून माझा पहिला प्रश्न ठरलेला असे, बदल्यात काय? या प्रश्नापायी माझी अर्धी गिऱ्हाइकं शेजारच्या टेबलावर गेली, कारण शेजारचा काहीही लिहून देई. कमरजहाँ, माझी बायको, म्हणायची की तुम्ही जरा कमी प्रश्न विचारले असते तर आपल्या घरावर कवेलूंच्या जागी स्लॅब असता.

१९९६ च्या जून महिन्यात, बाजाराच्या दिवशी, प्रेमिलाबाई पहिल्यांदा माझ्यासमोर आल्या. पस्तिशीच्या असतील. काटक, उन्हानं रापलेल्या, आणि काखेत मासोळीची टोपली. टोपली रिकामी होती. बाजाराच्या दिवशी धीवराची बाई रिकामी टोपली घेऊन नागभीडला येते म्हणजे काहीतरी बिनसलं आहे, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मी बाक दाखवला. त्या बसल्या नाहीत.

"लिवा," त्या म्हणाल्या, "का दगडाच्या खालचं पानी शेतकरी नेनार नाई."

पारडटोल्याचा तलाव जुना, मालगुजारीतला. त्याचं पाणी बावीस शेतकऱ्यांच्या धानाला आणि मासोळी अकरा धीवर घरांना. तलावाच्या पोटात एक काळा दगड आहे. त्याचा माथा उघडा पडला की शेतकऱ्यांनी पाणी घेणं थांबवायचं, असा शब्द वाडवडलांपासून चालत आलेला. कारण दगडाखालचं पाणी राहिलं तर त्यात मोठ्या मासोळ्या उन्हाळा काढतात, आणि पावसाळ्यात अंडी घालायला त्याच लागतात. त्या मेल्या तर वर्षभर जाळं वाळत घालायचं आणि दुसऱ्याच्या बांधावर रोजीला जायचं. पण अलीकडे शेतकरी उन्हाळी धान घेऊ लागले होते. त्या वर्षी मे महिन्यात त्यांनी दगडाच्या बुडापर्यंत पाणी ओढलं. हातभर लांबीचे मरळ चिखलात तडफडून मेले, आणि घारी तीन दिवस तलावावर उतरत होत्या. प्रेमिलाबाई शेतकऱ्यांचे पुढारी मुखरूभाऊ यांच्याकडे गेल्या. मुखरूभाऊ माणूस वाईट नव्हता. ते म्हणाले, पुढच्या वर्षी नाही नेत. असंच ते आदल्या वर्षीही म्हणाले होते.

सगळं ऐकून मी माझा ठरलेला प्रश्न विचारला, बदल्यात काय? त्यांना तो कळलाच नाही. बदल्यात कशाचं काय, शब्द आहे ना त्यांचा, असं त्या म्हणाल्या. मी जरा उर्मटपणेच सांगितलं की मग ते दान झालं. देणाऱ्याचं मन फिरलं की दान संपतं, आणि कोर्ट त्याला काही विचारत नाही. त्यांनी रिकामी टोपली एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. त्यांचा चेहरा पाहून मला माझ्याच जिभेचा राग आला, म्हणून मी जरा नरमाईनं विचारलं, तुम्ही लोक त्या तलावासाठी काहीच करत नाही का?

त्यांनी आधी इकडेतिकडे पाहिलं आणि मग आवाज उतरवून सांगितलं. आमच्याकडच्या तलावाला पाळीच्या, म्हणजे बांधाच्या, आतून पाणी सोडायची दगडी मोरी असते. तिला तुडूम म्हणतात. तिची भोकं लाकडी गुट्ट्यांनी बंद करतात. भर पावसाळ्यात पाण्याच्या दाबानं एखादा गुट्टा निसटला की तलाव तिथून रिकामा व्हायला लागतो, आणि वेळीच बुजवलं नाही तर पाळही खचते. तेव्हा कमरेला दोर बांधून धीवरानं बुडी मारायची आणि हातानं गुट्टा ठोकायचा. पाण्याची ओढ अशी असते की त्या भोकात हात गेला तर खांद्यापासून उखडेल. प्रेमिलाबाईंचा सासरा असाच आत राहिला होता. दोराचं वरचं टोक मात्र नेहमी शेतकऱ्याच्या हातात असतं. ही तिथली रीत आहे.

आणि दुसरी रीत अशी की या कामाचं काही घ्यायचं नाही, आणि त्याचं नावही तोंडातून काढायचं नाही. पाण्यानं पोसलं, पाण्याचं केलं, त्यात बोलून दाखवायचं काय? एका वर्षी शेतकऱ्यांनी तांदळाचं पोतं पाठवलं तर टोल्यानं, म्हणजे धीवरांच्या वस्तीनं, ते तसंच परत केलं होतं. अशी ही मानी माणसं. आणि त्या मानापायीच कायद्याच्या नजरेत ती रिकाम्या हाताची ठरत होती.

मी टेबलावर हात आपटला. "हेच तर तुमचं देणं आहे, बाई! मोबदला म्हणजे काही नोटाच लागतात असं नाही."

तुम्ही तुडूम सांभाळाल, ते दगडाखालच्या पाण्याला हात लावणार नाहीत. दोन्हीकडून वचन, दोन्हीकडून बंधन, मग झाला करार. पण एक गोष्ट मी त्यांना बजावून सांगितली. आज हे काम तुम्ही मनानं करता. लिहिलं की ते कागदानं करावं लागेल. एका पावसाळ्यात जरी चुकलात तरी समोरचा म्हणेल, तुम्ही मोडलं, आता आम्हीही मोकळे. त्यांनी ते दोनदा माझ्याकडून वदवून घेतलं, रिकामी टोपली उचलली आणि निघून गेल्या.

तीन आठवडे त्यांचा पत्ता नव्हता. मला वाटलं, संपलं. नंतर कळलं की टोल्यात भांडण पेटलं होतं. खुशाल, म्हणजे प्रेमिलाबाईंचा नवरा, बिचारा दोन्हीकडून होय म्हणणारा. पण त्याचा काका दसरू हा टोल्याचा सगळ्यात जुना बुडी मारणारा, आणि तो भडकला होता. आपल्या कामाचं मोल लावते, आपल्याला मजूर करते, असं तो चारचौघांत म्हणाला. नात्यानं त्या त्याला मामाजी म्हणत आणि त्याच्यासमोर कधी मान वर करत नसत. त्या दिवशी केली.

"मामाजी, तुमी न सांगता करता, म्हनून त्यायले वाटते का तलाव आपोआप भरून राह्यते."

तिसऱ्या दिवशी दसरू म्हणाला, लिहा, पण खरं तेवढंच लिहा.

शेतकऱ्यांकडून काहीच अडचण आली नाही. त्यांना ही सगळी गंमत वाटत होती. आपण शब्द तर पूर्वीच दिला आहे, मग एक सही दिल्यानं काय बिघडतं, असं मुखरूभाऊ हसत हसत म्हणाले. मी मात्र हसलो नाही. प्रत्येक अट दोनदा वाचून दाखवली, आणि कोणी मोडलं तर दुसऱ्यानं कोर्टात जायचं, हे वाक्य मुद्दाम मोठ्यानं वाचलं. मुदत दहा वर्षांची. बावीस सह्या एका बाजूला, अकरा दुसऱ्या बाजूला. प्रेमिलाबाई चौथी शिकलेल्या. त्यांनी आपलं नाव इतक्या सावकाश लिहिलं की मागे रांगेत उभे असलेले लोक कुरकुरले. मी त्यांना गप्प बसवलं.

दोन पावसाळे सुखाचे गेले. दगडाखालचं पाणी राहिलं, मासोळी वाढली, आणि बाजाराच्या दिवशी प्रेमिलाबाईंची टोपली माझ्या टेबलासमोरून भरलेली जाऊ लागली. मग १९९८ चा ऑगस्ट आला.

तेव्हा मी तिथे नव्हतो. पण ही हकीकत मी तिघांच्या तोंडून ऐकली आहे आणि तिघांत एका शब्दाचा फरक नाही. टोल्यातले कर्ते पुरुष वैनगंगेपलीकडे एका सोयऱ्याच्या तेरवीला गेले होते. मागे पाऊस लागला आणि नदीनं रस्ता बंद केला. टोल्यात उरल्या बायका, पोरं आणि दसरू, आणि दसरूला तेव्हा धड चालताही येत नव्हतं. सकाळी नऊच्या सुमारास तुडूमाचा गुट्टा निसटला. पाळीच्या पलीकडे पाण्याचा लोट निघाला. मुखरूभाऊ धावत आले आणि पुरुष नाहीत हे पाहून त्यांनी कपाळावर हात मारला. तरी ते चांगुलपणानंच बोलले. म्हणाले, जाऊ द्या, तुमचा इलाज नाही, यात तुम्हाला कोणी दोष देणार नाही.

प्रेमिलाबाई पदर खोचत म्हणाल्या, "कागदात खुशालचं नाव एकट्याचं नाई, मुखरूभाऊ. माह्यंही आहे. दोर धरा."

लहानपणापासून पाण्यात वाढलेली बाई, पण तुडूमावर तोवर कोणतीही बाई उतरली नव्हती. पहिल्या बुडीत भोक सापडलं नाही. दुसऱ्या बुडीत सापडलं, पण गुट्टा हातातून सुटला. दसरू पाळीवर बसून ओरडत होता, भोकाच्या समोरून जाऊ नको, बाजूनं जा, दगडाला पाय लाव. तिसऱ्या बुडीला त्या इतका वेळ आत राहिल्या की मुखरूभाऊंनी दोर ओढायला घेतला. खालून दोराला उलटा हिसका बसला. ओढू नका, असं सांगणारा. ते थांबले. पलीकडचा लोट बारीक झाला, मग थांबला, आणि त्या वर आल्या. उजव्या हाताच्या दोन बोटांची नखं गेली होती. मुखरूभाऊंनी आपल्या डोक्याचा दुपट्टा फाडून त्यांच्या बोटांना बांधला. त्या वर्षी बावीस शेतकऱ्यांचं धान झालं.

पुढच्या बाजाराला मी त्यांना रागावलो. म्हणालो, एवढं जिवावर उदार व्हायला मी सांगितलं होतं का? त्या म्हणाल्या, एका पावसाळ्यातही चुकायचं नाही, हे तुम्हीच नाही का सांगितलं होतं? मी खाली मान घालून टाईपरायटरची रिबन नीट करत बसलो. असा कागद मी कितीतरी लोकांना लिहून दिला होता, पण त्याला आपण स्वतः बांधलेले आहोत असं समजून वागणारं माणूस मी पहिल्यांदा पाहत होतो.

२००१ साली उन्हाळी धान जोरात होतं आणि आदल्या वर्षीचा पाऊस बेताचा. एप्रिलच्या सुरुवातीलाच दगडाचा माथा दिसला. मुखरूभाऊ थांबा म्हणाले, पण आता त्यांचं ऐकणारे कमी झाले होते. चार-पाच तरुण शेतकऱ्यांनी डिझेलचा पंप आणला आणि पाण्याच्या कडेला लावला. त्यांचंही म्हणणं सरळ होतं. पीक लोंबीवर आलंय, पाण्याच्या दोन पाळ्या मिळाल्या तर वाचेल. आणि गावातल्या गावात केलेला कागद काय, कोणी कोर्टात थोडंच नेणार आहे? शेवटी मुखरूभाऊही त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले. पाच एकर त्यांचंही होतं.

प्रेमिलाबाईंनी तो कागद कोर्टात नेला. वकील मी पाहून दिला, पण बस पकडून दर तारखेला त्या स्वतः येत. सुनावणीपर्यंत पंप चालवायचा नाही, असं कोर्टानं पहिल्याच तारखेला बजावलं होतं. मनाईहुकुमाच्या अर्जावर सुनावणी होती त्या दिवशी मीही टेबल बंद करून मागच्या बाकावर जाऊन बसलो. तो कागद माझ्या हातचा होता, आणि तो पडला असता तर दगडाखालचं पाणी दोन दिवसांत पंपातून गेलं असतं आणि अकरा घरांचं पुढचं वर्षही.

समोरच्या वकिलानं चांगली बाजू मांडली. म्हणाला, ही गावातली आपापसातली भलमनसाई आहे, हिला करार कसं म्हणायचं? शेतकऱ्यांनी दया म्हणून पाणी राहू दिलं होतं, त्याच्या बदल्यात त्यांना काय मिळालं? मी बाकावर बसल्या बसल्या चरफडलो. माझाच प्रश्न, माझ्याच कागदावर उलटा आला होता.

न्यायाधीशांनी कागद वाचला. तुडूमाची अट होती तिथे बोट ठेवलं आणि समोर उभ्या असलेल्या मुखरूभाऊंनाच विचारलं, हे काम यांनी खरंच केलं का? मुखरूभाऊंचा वकील मध्ये बोलायला उठला. साहेबांनी त्याला हातानं थांबवलं. मुखरूभाऊंनी आधी आपल्या माणसांकडे पाहिलं. त्यांचं पाच एकर शेतात उभं होतं, आणि एक नाही म्हटलं असतं तर वाचलं असतं.

"केलं, साहेब," ते म्हणाले. "दोर मीच धरला होता. ही बाई खाली होती."

त्यानंतर फार काही उरलं नाही. दगडाखालचं पाणी घ्यायला मनाई झाली. हुकमात स्पष्ट लिहिलं होतं की दोन्ही बाजूंनी एकमेकांना काहीतरी दिलं आहे, आणि एका बाजूनं आपलं पूर्ण केलं आहे, तेव्हा दुसरीला आता मागे फिरता येणार नाही. मी बाहेर येऊन कँटीनवाल्याला सगळ्यांना चहा द्यायला सांगितलं, शेतकऱ्यांनाही. माझा ऊर असा भरून आला होता की कमरजहाँनं त्या रात्री मला दोनदा विचारलं, तब्येत बरी आहे ना? प्रेमिलाबाई मात्र चहा अर्धा टाकून बस पकडायला गेल्या. पंप उचलला की नाही ते त्यांना डोळ्यांनी पाहायचं होतं.

पंप उचलला गेला. आणि चौथ्या दिवशी सकाळी मुखरूभाऊ धीवरटोल्यात आले. त्या गल्लीत ते आयुष्यात दोनदाच आले असतील, तुडूमाचा गुट्टा निसटला तेव्हा आणि खुशालचा बाप गेला तेव्हा. एरवी त्यांनी निरोप पाठवायचा आणि टोल्यातल्यांनी त्यांच्याकडे जायचं. प्रेमिलाबाई जाळं विणत बसल्या होत्या. त्यांनी खाट टाकली. मुखरूभाऊ खाटेवर टेकले आणि म्हणाले, चार बोटं पाणी द्याल का? एवढ्या मोठ्या तलावात चार बोटं म्हणजे पिकाला दोन पाळ्या होतात. तुम्ही नाही म्हणालात तर माझं काही म्हणणं नाही, हेही ते म्हणाले.

टोला जमला. दसरूनं बसल्या जागेवरून सांगितलं, देऊन टाका, पाणी मागणाऱ्याला आपण कधी नाही म्हटलेलं नाही. प्रेमिलाबाईंनी मान हलवली. देऊ, पण फुकट नाही. चार बोटं कमी झाली तर मासोळ्यांना दगडाजवळ खोली लागेल. तेव्हा शेतकऱ्यांनी मे महिन्यात बैलबंड्या लावून दगडाभोवतालचा गाळ काढून द्यायचा, कमरेइतका. मुखरूभाऊंनी थोडा विचार केला आणि कबूल केलं. गाळ खत म्हणून धानाच्या बांधीत टाकता येईल हे त्यांच्या लक्षात आलं असावं. शेतकरीच तो.

दुपारी ते दोघं एकाच बसनं नागभीडला आले आणि माझ्या टेबलासमोरच्या बाकावर शेजारी शेजारी बसले. माझा ठरलेला प्रश्न विचारायची पाळीच आली नाही. दोघांनी मिळूनच सांगितलं. कोणी काय द्यायचं, कधीपर्यंत, आणि मोडलं तर काय. मी टाईप करत होतो आणि ते एकमेकांची अट दुरुस्त करत होते.

सह्या झाल्यावर मुखरूभाऊ पाणी प्यायला कचेरीच्या नळावर गेले. मी प्रेमिलाबाईंना जरा चिडवायला म्हणालो, कोर्टात भांडून मिळवलेलं पाणी चार दिवसांत देऊन टाकलंत, मग माझ्या कागदाचा उपयोग काय झाला? त्यांनी कागदाची घडी घातली, ती पोलक्यात नीट सरकवली आणि नळाकडे पाहत म्हणाल्या,

"पयले ते पानी नेत होते, नूरभाऊ. यंदा मांगाले आले."